एकटीनं किती दिवस ओढायचं? आणि तुमचे आणखी काही प्रश्न

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज मिळून भरपूर आले, आणि बहुतेकांचं म्हणणं घुमूनफिरून एकच होतं, दुसऱ्यासाठी काही करावंसं वाटते पण ते टिकत नाही, लोकं सोबत येत नाहीत, आली तर अर्ध्यात निघून जातात. म्हणून यावेळचा पूर्ण कॉलम त्याच्यावरच ठेवला. नावं कोणाचीच छापत नाही, राहता भाग तेवढा लिहिते.

प्रश्न (मानेवाडा): ताई, आम्ही एकाच लेआउटमधल्या बायका. सासरे मेडिकलमध्ये (नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) अ‍ॅडमिट होते तेव्हा वॉर्डाबाहेर गडचिरोली, गोंदिया, बालाघाटकडून आलेले नातेवाईक कसे राहतात ते डोळ्यानं पाहिलं. घरी येऊन मैत्रिणींना सांगितलं आणि आम्ही दर गुरुवारी पोळी-भाजीचे डबे न्यायला सुरुवात केली. आधी पंधरा-सोळा घरं होती, मी त्यांना आदल्या दिवशी फोन करून पोळ्यांचा आकडा सांगायची, आता मी आणि अजून दोघीच उरलो. मिस्टर म्हणतात बंद कर, तुझी तब्येत खराब होऊन राहिली. मला बंद करवत नाही, पण आजकाल डबे वाटतानाच चिडचिड होते, कोणी दोन डबे मागितले तर राग येतो, आणि घरी आल्यावर त्या रागाचीच शरम वाटते. काय करू?

उत्तर: ताई, चिडचिड होते म्हणून तुम्ही वाईट झाल्या असं मनात आणू नका. सोळा घरांचं काम तीन घरांवर आलं तर कोणाचंही तेच होईल. पुढचे दोन गुरुवार सुट्टी घ्या, आणि ती लपूनछपून घेऊ नका, ग्रुपवर सरळ लिहा की मी थकली आहे, दोन गुरुवार मी येणार नाही. त्या दोन गुरुवारी काय होते ते होऊ द्या.

रागाबद्दल एक सांगते. जर्मनीत तानिया सिंगर आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी याच्यावर खूप काम केलं आहे. त्यांनी काही लोकांना आधी फक्त दुसऱ्याचं दुःख स्वतःत उतरवून घ्यायचा सराव दिला, तर त्या लोकांचंच मन खालावलं, त्रास वाढला. मग त्याच लोकांना दुसऱ्याचं भलं व्हावं असं मायेनं मनात धरायचा सराव दिला तेव्हा ते सावरले, आणि मेंदूतले वेगळेच भाग कामाला लागलेले दिसले. म्हणजे दुसऱ्याचं दुःख पाहून आतल्या आत कुढत राहणं आणि त्याच्यासाठी काही करावंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं सध्या पहिलं जास्त होऊन राहिलं आहे, कारण डबा द्यायचा आणि पुढच्याकडे वळायचं, बोलायला वेळच नाही. त्या दोन डबे मागणाऱ्या माणसाला एकदा विचारून पाहा ना. बहुतेक वेळा दुसरा डबा रात्रीसाठी असतो, नाहीतर आत पेशंटजवळ बसलेल्या बाईसाठी, जिला बेड सोडून खाली येता येत नाही. कळलं की राग राहत नाही.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. मेडिकलच्या आवारात सकाळी गेलं की दिसते, कठड्यावर लुगडी वाळत टाकलेली, झाडाखाली सतरंजी, तीन विटांवर गंजात भात शिजून राहिला, एखादी म्हातारी मिरच्या खुडत बसलेली. ही माणसं रिकामी नसतात हो, त्यांना रिकामं बसावं लागते. डॉक्टर राउंडला येईपर्यंत, रिपोर्ट मिळेपर्यंत, दिवसदिवस. त्यातल्या कितीतरी बाया घरी दहा-बारा माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या. तुम्ही त्यांना फक्त रांगेत उभं करता. यादी करायला, वॉर्डात वर डबे पोचवायला, सकाळी आलेल्या नव्या माणसाला कोणती खिडकी कशाची ते सांगायला त्यांच्यातलेच दोघं-तिघं घ्या. आठ दिवसांत ते गावाला परत जातील, मग दुसरे घ्या. काम थोडं विस्कळीत होईल, पण तुमच्या हातातून सुटेल.

हे काही मी मनानं सांगून राहिली नाही, आपल्या विदर्भातच हे होऊन गेलं आहे. बाबा आमटे नागपुरात वकिली शिकले, आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर सहा कुष्ठरोगी, साधनाताई आणि दोन लहान मुलं घेऊन आनंदवन सुरू केलं. तिथं पहिल्या दिवसापासून रोगी म्हणून कोणी नुसतं बसून राहिलं नाही. विहीर खोदली त्यांनीच, शेती केली त्यांनीच. सुरुवातीला तिथला भाजीपाला घ्यायला गावातली लोकं तयार नव्हती, रोग्यांचा हात लागलेला म्हणून. आणि १९६४ मध्ये त्याच वरोऱ्यातल्या पोरांसाठी आनंदवनानं कॉलेज उभं केलं. कधीकाळी ज्यांना गावानं हाकललं त्यांनीच गावाला कॉलेज दिलं. बाबांचं मोठेपण आपण सगळेच सांगतो, पण मला स्वतःला याच्यात सगळ्यात मोठं हे वाटते की घेणारा कायमचा घेणाराच राहील असं त्यांनी काही ठेवलंच नाही.

आता त्या गेलेल्या तेरा घरांचं. त्या का गेल्या असतील? तुमच्या पत्रातच लिहिलं आहे, "मी त्यांना आदल्या दिवशी फोन करून पोळ्यांचा आकडा सांगायची". बस, तेच. त्यांना आकडा मिळाला, माणूस नाही दिसला. ज्या बाईनं मेडिकलचा व्हरांडा एकदाही पाहिला नाही तिला दर गुरुवारी वीस पोळ्या का लाटायच्या हे किती दिवस आठवणार? एकेकीला सोबत न्या, तिच्या हातानं वाटू द्या. आणि कामं फोडा. फोन एकीकडे, किराणा दुसरीकडे, ऑटोवाल्याशी बोलणं तिसरीकडे, आणि प्रत्येक घराला महिन्यातून एकच गुरुवार. कोणाच्या पोळ्या जाड आल्या, भाजीत तिखट जास्त झालं, तरी बोलू नका. खूपदा आपल्या चोखपणामुळेच लोकं हळूहळू मागं सरतात.

एक कामाची गोष्ट, सरकारी दवाखान्यांत समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना जाऊन भेटा. कोणत्या वॉर्डात लांबून आलेले, एकटे, पैसे संपलेले लोक आहेत हे त्यांना माहीत असते. तिथं दहा डबे पोचले तरी गेटवरच्या पन्नास डब्यांपेक्षा जास्त कामी येतील. रोग्याच्या नातेवाइकांची सोय हा विषय आपल्याकडे जुना आहे, गाडगे महाराजांनी मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ धर्मशाळा बांधली ती याच लोकांसाठी. ते स्वतः शाळेत गेले नव्हते, पण आजारी माणसासोबत आलेल्याचे हाल त्यांना बरोबर दिसले होते.

आणि एवढं करूनही नाहीच जमलं तर महिन्यातून एकदा करा. मिस्टरांना म्हणावं, बंद नाही करत, कमी करते. तब्येतीचं त्यांचं म्हणणं खरंच आहे, ते ऐका.

प्रश्न (मिहानमध्ये आयटी कंपनीत नोकरी, राहायला बेसा): मॅडम, मी २७ वर्षांचा आहे. ऑफिसमध्ये, घरी, मित्रांत काही चांगलं करायचं म्हटलं की एकच वाक्य ऐकू येते, तू एकटा काय उखाडणार. मला खरंच कळत नाही, एका माणसानं काही बदलते का, की सिस्टम बदलल्याशिवाय काहीच होत नाही?

उत्तर: सुरू तर एका माणसापासूनच होते दादा, त्याच्यात शंका नको. कमलाताई होस्पेट लहान वयात विधवा झाल्या, नर्सिंग शिकल्या, आणि १९२१ साली वेणूताई नेने यांना सोबत घेऊन आपल्या नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला. त्या काळात बाळंतपण म्हणजे घरातली अंधारी खोली, आणि त्यात किती बाया जायच्या याची मोजदाद नव्हती. एका विधवा बाईनं हे हातात घेणं म्हणजे काय असेल याचा विचार करा. विजय बारसे सर हिस्लॉप कॉलेजमध्ये खेळाचे शिक्षक होते. २००१ साली पावसात झोपडपट्टीतली पोट्टी फुटक्या बादलीला लाथा मारून फुटबॉल खेळताना त्यांना दिसली, तिथून झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं आणि ते पार देशाबाहेर पोचलं.

पण तुमच्या मित्रांचं म्हणणंही पूर्ण खोटं नाही. एकटा माणूस एकटाच राहिला तर खरंच काही होत नाही. पहिल्या माणसानं केलं काय, तर दुसऱ्याला ते काम करता येईल असं करून दिलं. बारसे सरांकडे खेळलेली पोरं पुढे स्वतःच कोच झाली. मातृसेवा संघाच्या शाखा विदर्भभर निघाल्या त्या कमलाताई सगळीकडे एकट्या धावत होत्या म्हणून नाही, नर्सेस तयार झाल्या म्हणून.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला गडचिरोलीचं वाटते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग दोघंही आपल्या नागपूर मेडिकलचे. १९८६ पासून ते गडचिरोलीत आहेत. तिथं नवजात बाळं मरत होती आणि दवाखाना लांब, पावसाळ्यात तर नाल्याला पूर आला की रस्ताच बंद. दोघं डॉक्टर किती घरी पोचणार? त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या, थोड्याफार शिकलेल्या, आणि त्यांना आरोग्यदूत केलं. ती बाई बाळंतिणीच्या घरी जाते, बाळाला झोळीत ठेवून काट्यावर वजन करते, घड्याळ लावून एका मिनिटात श्वास किती ते मोजते, अंग गार पडलं का पाहते, आईला दूध पाजायला मदत करते, आणि बाळाला इन्फेक्शन दिसलं तर इंजेक्शनही देते. गावातली कमी शिकलेली बाई इंजेक्शन देणार म्हटल्यावर मोठ्या मोठ्या डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या होत्या. ३९ गावांत हे केलं, आणि तीन वर्षांत तिथले नवजात बाळांचे मृत्यू, ज्या गावांत हे केलं नव्हतं त्यांच्या मानानं, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात ना, त्याच्यामागं या गावांतल्या बायांचं काम आहे. सांगा बरं, याला एका माणसाचं काम म्हणायचं, गावाचं म्हणायचं की सिस्टमचं? मला तर ते वेगळं काढताच येत नाही.

तुम्ही आयटीत आहात म्हणून एक सुचवते. बेसा-पिपळ्याकडे नवीन वस्ती आहे, तिथं घरकाम करणाऱ्या बाया, वॉचमन, बांधकामावरचे मजूर खूप. त्यांच्या पोरांना स्कॉलरशिपचे, जातीच्या दाखल्याचे, अ‍ॅडमिशनचे फॉर्म ऑनलाइन भरता येत नाहीत आणि भरून देणारा पैसे घेते. रविवारी दोन तास फॉर्म भरून द्या. पण नुसते भरून देऊ नका, बारावीतल्या दोन पोरींना बाजूला बसवा आणि तिसऱ्या रविवारी त्यांच्या हातानं भरू द्या. तुमची बदली पुण्याला झाली तरी ते चालू राहिलं पाहिजे.

प्रश्न (त्रिमूर्तीनगर): मी ६८ वर्षांचा, वीज खात्यातून रिटायर. सौ. गेल्या वर्षी गेल्या. मुलगा पुण्याला, मुलगी बाहेरदेशी. पैशाची अडचण नाही. बीपी वाढलं म्हणून डॉक्टरकडे गेलो तर ते म्हणाले काका लोकांत मिसळा. औषधाच्या जागी हे काय सांगतात? आणि मिसळायचं म्हणजे कोणाच्या घरी जाऊन बसायचं?

उत्तर: काका, काकू गेल्याचं वाचून वाईट वाटलं. वर्ष झालं तरी घर रिकामं वाटणारच, ते लवकर जात नाही आणि जायची घाईही करू नका.

डॉक्टर बरोबर बोलले, पण गोळ्या बंद करू नका, त्या चालू ठेवून हे करायचं आहे. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १४८ अभ्यास एकत्र करून तपासले, तीन लाखांच्या वर माणसं होती त्यात. ज्यांचे लोकांशी संबंध घट्ट होते त्यांची जगण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये सांगितलं की जगात दर सहा माणसांमागं एकाला एकटेपणा छळतो. म्हणजे हे फक्त म्हाताऱ्यांचं किंवा फक्त तुमचंच आहे असं नाही, तरण्या पोरांतही ते खूप आहे.

पण कोणाच्या घरी जाऊन बसायचं, हा तुमचा प्रश्न मला एकदम पटला. बिनकामाचं जाऊन बसणं तुमच्या पिढीच्या माणसाला जमत नाही, आणि जमवू पण नका. तुमच्या हातात जे आहे ते घेऊन जा. तुम्ही आयुष्यभर वीज खात्यात काढलं. आपल्या नागपुरात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान लेकरं जातात, ओल्या हातानं पाणी भरताना. अर्थिंग नसते, प्लग दोन पिनचा, वायर सोललेली, लोखंडी बॉडी. मार्चमध्ये गवताच्या टट्ट्या बदलून कूलर काढायची वेळ आली की तुमच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत, मागच्या वस्तीत घरोघरी जाऊन टेस्टर लावून पाहा. स्वतः दुरुस्त करायच्या भानगडीत पडायची गरज नाही, पाहा, सांगा, आणि पाणी भरताना प्लग काढायचा हे त्या घरच्या पोरांना शिकवून या. लोकं तुम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाहीत. एखादं पोट्टं सोबत आलं तर त्याला टेस्टर धरायला शिकवा.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुम्हाला आठवत असेल. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरलं, लोकं झोपेत होती. बोटी यायला वेळ लागतोच. तोपर्यंत खालच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना वरच्या मजल्यावर कोणी नेलं? ज्यांना माहीत होतं की खाली आजी एकट्या राहतात त्यांनी. ज्याच्याबद्दल कोणालाच माहीत नसते त्याचं दार कोणी वाजवत नाही. म्हणून काका, तुम्ही दुसऱ्यांची दारं वाजवाल तर ते जेवढं त्यांच्यासाठी तेवढंच तुमच्यासाठीही आहे, आणि त्यात संकोच वाटायचं काही कारण नाही.

एक अजून. रात्री मन फारच खाली गेलं, झोप येत नाही, जगून काय करायचं असे विचार आले तर १४४१६ वर फोन लावा, टेली-मानस आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही आहे. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावून ठेवा. आणि मुलाला रोज फोन करायला सांगा, मागायला लाजू नका.

प्रश्न (इंदोरा): मी एम.ए. करतेय. आम्ही मैत्रिणी दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर बाहेरगावच्या लोकांसाठी जेवण आणि पाण्याच्या स्टॉलवर काम करतो. एक सीनियर म्हणाला, खिचडी वाटून समाज बदलत नाही, हक्कासाठी लढून बदलतो, तुम्ही लोक दानधर्मात अडकले. तेव्हापासून मनात खटकून राहिलं आहे. तो बरोबर आहे का?

उत्तर: अर्धा बरोबर आहे. हक्काच्या जागी खिचडी दिली तर ते चूकच. पण तुम्ही तसं कुठं केलं?

जाईबाई चौधरींची गोष्ट सांगते, तुमच्या सीनियरलाही सांग. १८९२ साली उमरेडला जन्म, अस्पृश्य म्हणून गणलेल्या घरात. पोटासाठी डोक्यावर ओझी घेऊन नागपूर-कामठी पायी ये-जा करायच्या. एका मिशनरी बाईचं त्यांच्याकडे लक्ष गेलं, तिनं शिकवलं. आणि जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. पुढे १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन झालं. मोठमोठ्या शिकलेल्या, सुधारक बाया आल्या होत्या. तिथं जाईबाईंना आणि त्यांच्यासोबतच्या बायांना जेवायला वेगळं बसवलं. बायांच्या भल्याची परिषद, आणि पंगत वेगळी! त्या गप्प बसल्या नाहीत, १ जानेवारी १९३८ ला निषेधाची सभा झाली. मग १९४२ च्या जुलैत नागपुरातच दलित महिलांची मोठी परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब स्वतः बोलले, हजारो बाया आल्या होत्या.

आता पाहा, जाईबाईंच्या आयुष्यात दोन्ही आहे. कोणीतरी मायेनं शिकवलं म्हणून त्या उभ्या राहिल्या, आणि पंगतीत वेगळं बसवलं तेव्हा लढल्या. एक नसतं तर दुसरं झालं नसतं. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला इथं जो धम्म घेतला त्याच्यात प्रज्ञा आणि करुणा दोन्ही आहेत, आणि अख्खं आयुष्य कायद्यानं, संघटनेनं लढून झाल्यावर त्यांनी तो घेतला.

आणि तुमच्या स्टॉलचं मला वेगळं वाटते. तिथं कोणी कोणावर उपकार करत नाही. मराठवाड्यातून, खानदेशातून, यूपीकडून रात्रभर रेल्वेत उभं राहून आलेली बाई कडेवर लेकरू घेऊन तुमच्यासमोर येते, तुम्ही जय भीम म्हणता, तीही म्हणते, पत्रावळ घेते, रस्त्याच्या कडेला कोणाच्याही शेजारी बसून जेवते, आणि उठून पुस्तकांच्या स्टॉलकडे जाते. त्या रस्त्यावर पंगत एकच असते. ज्या शहरात १९३७ मध्ये वेगळं ताट वाढलं गेलं त्याच शहरात हे होते, याला मी तरी नुसती खिचडी म्हणणार नाही.

सीनियरला एवढंच म्हण की ये, सकाळी पाच वाजता भाजी चिरायला ये, आणि संध्याकाळी आम्ही वसतिगृहाच्या रखडलेल्या स्टायपेंडसाठी निवेदन लिहायला बसणार आहोत, तिथेही ये. दोन्हीकडे माणसं पाहिजेत.

प्रश्न (मनीषनगर): आमच्या फ्लॅट स्कीमचा मी तीन वर्षांपासून सेक्रेटरी आहे. मीटिंगला चार डोकी येतात, निर्णय मी घेतो, मग ग्रुपवर तीस लोकं शिव्या देतात. पाण्याच्या टाकीपासून गणपतीपर्यंत सगळं मीच. लोकांना एकत्र कसं आणायचं?

उत्तर: गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांचीच. तिथं बहुमतानं काही ठरत नाही, सर्वसहमतीनं ठरते. एकाचाही विरोध असला तर निर्णय थांबतो, पुन्हा चर्चा होते. उशीर लागतो, खूप लागतो. पण एकदा ठरलं की नंतर कोणी म्हणू शकत नाही की आम्हाला विचारलं नाही. आणि निर्णयाच्या आधी अभ्यास गट बसतो, विषय समजून घेतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावतो, हे जास्त महत्त्वाचं. देवाजी तोफा तिथले पुढारी म्हणून सगळ्यांना माहीत आहेत, पण ठरवते गावच. या सवयीच्या जोरावर २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांना मिळाला आणि २०११ पासून त्यांनी आपला बांबू स्वतः विकला.

तुमच्या स्कीममध्ये सर्वसहमती लगेच होणार नाही, पार्किंगवर तर अजिबात नाही. पण एक विषय घ्या, पाण्याची टाकी घ्या, आणि ग्रुपवर जे सगळ्यात जास्त बोलतात त्यांतल्या तिघांना त्याचा अभ्यास करायला सांगा. टाकी कधी धुतली, टँकरला किती जातात, बोअरचं पाणी तपासलं का. तुम्ही त्यांच्यात बसू नका. महिन्यानं ते जे सांगतील ते मीटिंगमध्ये त्यांनाच मांडू द्या. आणि तीन वर्षं झाली ना भाऊ, पुढच्या वर्षी सेक्रेटरीपद सोडा, हे आतापासूनच सांगून ठेवा. तुम्ही आहात तोपर्यंत बाकीचे निवांत आहेत.

प्रश्न (वाडी): आउटर रिंग रोडवर अपघात झाला होता, वीसेक लोकं उभे राहून व्हिडिओ काढत होते, कोणी हात लावेना. मलाही पोलिसांच्या लफड्याची भीती वाटली. लोकं एवढी दगड का झाली? आणि हात लावला तर खरंच केस मागं लागते का?

उत्तर: दगड नाही झाली. १९६८ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, दुसऱ्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणाऱ्याला वाटलं की आपण एकटेच ऐकतोय तेव्हा ८५ टक्के लोक मदतीला उठले, आणि अजून चार जण ऐकताहेत असं वाटलं तेव्हा फक्त ३१ टक्के. गर्दीत प्रत्येकाला वाटते दुसरा करेल. म्हणून गर्दीकडे पाहून "कोणीतरी मदत करा" ओरडू नका, एकेकाकडे बोट करा. ओ निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा. ओ ताई, तुमची ओढणी द्या, इथं रक्त दाबून धरायचं आहे. तू रे, मागून येणाऱ्या गाड्या थांबव. नाव घेतल्यासारखं सांगितलं की माणूस हलतो.

केसचं म्हणाल तर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, पोलीस तुमचं नाव-पत्ता द्यायची जबरदस्ती करू शकत नाहीत, साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. दवाखान्यात पोचवून तुम्ही लगेच निघू शकता, बिलासाठी तुम्हाला अडवून ठेवता येत नाही. मान किंवा पाठीला मार दिसला तर माणसाला ओढाताण करून उचलू नका, अँब्युलन्स येईपर्यंत डोकं हलू देऊ नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, आपल्याकडे पहिले तेच करतात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि सारखं सारखं काढून पाहू नका.